मंगळवारची कॉफी

६ मार्च १९७९, मंगळवार

प्यायले! अख्खा कप. तळाचा गाळसुद्धा पिऊन टाकणार होते, तर म्हातारीने हातातून कप ओढून घेतला. "तो पीत नाहीत गं, वेडे!"

सत्तावन्न वर्षांत कॉफीचा थेंब जिभेला लागला नव्हता माझ्या. माझ्या आईच्याही नाही, तिच्या आईच्याही नाही. पणजीने डेन्मार्कमध्येच आमच्या चर्चमध्ये नाव घातलं, मग इकडे यायला बोटीत बसली आणि बोटीतूनच कॉफीची पुडी समुद्रात टाकली म्हणे. आमच्यात कॉफी म्हणजे दारूच्या मांडीला मांडी लावून बसलेली. आणि आज पणजीची पणती बसली खुर्चीत आणि भुरके मारत प्यायली!

म्हणून ही वही वेगळी. चांगली वही कपाटात आहे, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. चर्च सांगतं ना, रोजनिशी लिहा, नातवंडं वाचतील. तिच्यात आज लिहिलंय: "आजारी शेजारणीला भेट दिली. मन प्रसन्न झालं." खोटं एक अक्षर नाही त्यात! ही वही मात्र तळघरात, गव्हाच्या पिंपात. चर्चच्या सांगण्यावरूनच वर्षभराचा गहू साठवलाय. तो उपसायची वेळ येईल तेव्हा जगबुडी झालेली असेल, आणि जगबुडीत म्हाताऱ्या बाईची वही वाचायला कोणाला सवड आहे?

झालं असं. शेजारची पोपी मानूसाकी — चौऱ्याऐंशी वर्षांची, ग्रीक, नवरा इथल्याच कोळशाच्या खाणीत गेला — जानेवारीत बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. आमच्या चर्चची नाही, पण पडलेल्या माणसाला धर्म विचारायचा नसतो. आणि आमच्या महिला मंडळात कोणी बाळंत झालं, कोणी पडलं, कोणी गेलं की घरी जेवणाचं भांडं पोचवायचं खातं माझ्याकडे. नऊ वर्षं! मी यादी फिरवली. सोमवार लरू टकरने घेतला, मंगळवार मी, असं करत आठवडा भरला.

आज मागच्या दाराने गेले तर काय! आमचे बटाटे कोंबड्या खातायत. क्रीम, चीज, वर कुरकुरीत चुरा. आमच्या गावात मयताच्या घरी हमखास जाणारे बटाटे! शेजारी लरूची हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. ती तशीच पडलेली. कोंबड्यांनाही अक्कल असते.

"हे काय, मिसेस मानूसाकी?"

"मी काय कुत्री आहे?" म्हातारी म्हणाली. "दारात ताट ठेवायचं, 'देव भलं करो' म्हणायचं आणि धूम ठोकायची! माझ्या घरातून पाहुणा कोरडा जात नाही. तू बस. तू पी. मग मी खाते. तू नाही, तर मीही नाही."

"अहो, पण आमच्यात —"

"तुमच्यात काय ते तुमच्यात. हे माझं स्वयंपाकघर."

नर्स कालच मला सांगून गेली होती: म्हातारीचं वजन उतरतंय. कॅलिफोर्नियातला मुलगा, मनोली, रोज फोन करतो: आणखी उतरलं तर वृद्धाश्रम. आणि म्हातारी म्हणते, या घरातून पाय पुढे करूनच निघेन.

काय करणार? बसले. तिने स्वतःची लांब दांड्याच्या पितळी भांड्यात केली, माझी छोट्या निळ्या भांड्यात. "पाहुण्याचं भांडं वेगळं," म्हणाली. काय तो मान! मग तिने बटाटे दोनदा घेतले.

आधी जीभ भाजली. मग बरी लागली. जरा जास्तच बरी.

७ मार्च

ढाराढूर झोपले. कॉफीने म्हणे रात्रभर डोळा लागत नाही. मला एवढं पाप करून मेल्यासारखी झोप! सदसद्विवेकबुद्धीच सोडून गेली की काय मला?

१३ मार्च, मंगळवार

दुसरा कप. दोन चमचे साखर.

पिऊन झाल्यावर म्हातारी कप बशीत उपडा घालते आणि उरलेल्या गाळात भविष्य बघते. स्वतःच्या कपात तिला जहाज दिसलं, बकरी दिसली, एक मेलेला दीर दिसला. माझा कप बराच वेळ फिरवला आणि खाली ठेवला. "तुझ्यात काही दिसत नाही. तुझा कप खोटारडा आहे."

चोराच्या मनात चांदणं! माझे कान तापले. म्हातारी मात्र रुमालात तोंड खुपसून खोकत होती. थंडीच बाधली असेल.

घरी येताना पेपरमिंटच्या चार गोळ्या चघळल्या. डेल्मार म्हणाला, "आज नाताळासारखा वास येतोय तुला." आमचा नवरा तीस वर्षं खाणीत काम केलेला. गॅस गळला तर आधी त्याला वास यायचा म्हणतात. आणि बायकोच्या तोंडाचा येत नाही!

स्वर्गातल्या बापा, एवढं एक मान्य करते आणि पुन्हा लिहीत नाही: मला आवडली. नुसती म्हातारीसाठी नाही. खमंग, भाजक्या दाण्यांसारखी. काल सोमवारपासूनच वाट बघत होते.

१५ मार्च

महिला मंडळ. लरू टकर अध्यक्ष. उभी राहिली आणि भर सभेत (आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायकांना सिस्टरच म्हणतात): "सिस्टर रासमुसन, त्या ग्रीक बाई तुमच्याच हातचं खातात असं नर्स म्हणाली. तुम्ही नेमकं काय करता?"

"प्रेमाने वागते," मी म्हटलं.

तिने ते कार्यवृत्तात लिहून घेतलं! पुढच्या महिन्यात मला यावर दहा मिनिटं बोलायचंय. विषय: परक्याचं मन कसं जिंकावं. काय सांगू? साखर दोन चमचे, उकळी येऊ द्यायची नाही?

२० मार्च, मंगळवार

जनीलचं ठरलं! ८ जून, शुक्रवार. डोंगरापलीकडच्या आमच्या मंदिरात. मुलगा गुणी आहे, कान जरा पुढे आहेत. असू देत.

माझं शेंडेफळ. सहा पोरांच्या पाठीवर, मी चाळिशीला टेकताना झालेली. मंडळाची भांडी पोचवायला लहानपणापासून मोटारीत माझ्या शेजारी बसणारी, मांडीवर गरम पातेलं, खाली टॉवेल. धावत आली, गळ्यात पडली. "आई, मंदिरात तू माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचंस. बरोब्बर समोर. मला भीती वाटली तर तुझ्याकडे बघता आलं पाहिजे."

मी हो हो म्हणत रडले. मग डोळे पुसता पुसता एकदम आठवलं. दाखला!

चर्चमध्ये कोणीही यावं, पण मंदिर लग्नासारख्या पवित्र विधींचं; तिथे पाऊल टाकायचं तर बिशपच्या सहीचा दाखला लागतो. तो नसेल तर नवरीची आई का असेना, बाहेर बाकावर. माझा एप्रिलअखेर संपतोय. आणि सहीआधी बिशप समोर बसवून प्रश्न विचारतो. त्यातला एक कॉफीचा. शेवटचा: तुम्ही सगळ्यांशी प्रामाणिक वागता का?

सहाही लग्नं मी आत बसून पाहिली आहेत.

आजचा कप आधीच पिऊन झाला होता. हा शेवटचा.

२७ मार्च, मंगळवार

"आज नको, मिसेस मानूसाकी. पोटात जळजळतं."

दाखल्याचं बोलले नाही. तुमच्या कॉफीपायी माझी लेक अडेल, असं आजाऱ्याला कसं सांगायचं?

म्हातारी बघत राहिली. "पोट. हं." निळं भांडं उचललं, पुसलं, फळीवर उपडं घातलं. "मोठी माणसं तुम्ही. या माझ्या घराला विटलात, तर तसं सांगावं."

माझ्यासमोर बटाट्यांचं भांडं उचललं आणि कुबडीने टुकटुक करत कोंबड्यांकडे गेली.

३ एप्रिल, मंगळवार

आठवडाभर फक्त भिजवलेला पाव. आज माझ्याशी बोललीच नाही, भिंतीकडे तोंड. मनगट धरलं तर माझी बोटं एकमेकांवर चढली.

नर्स म्हणाली, मनोली येतोय. वृद्धाश्रमाचे कागद घेऊनच येतोय.

डेल्मारला म्हटलं, एखाद्याला जेवायला घालायला काय काय करावं माणसाने? तो म्हणाला, "तू तर करतेसच की सगळं." पेपर उलटला.

१० एप्रिल, मंगळवार

मनोली टेबलाशी, कागद पुढ्यात, पेन उघडलेलं. म्हातारी समोर, हाताची घडी. आमच्या पोरांना कोबी नको असला की असंच बसायची.

मी भांडं ठेवलं, शाल काढली, खुर्ची ओढली. "मिसेस मानूसाकी, माझं पोट बरं झालंय. दोन चमचे साखर."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. कुबडी न घेता उठली! निळं भांडं, पितळी भांडं. मी प्यायले. ती जेवली. बटाटे, मटार, वर पाव लोणी. मनोली तोंड उघडं टाकून बघतोय. "पडल्यापासून असं जेवताना पाहिलं नाही हिला! तुम्ही केलंत तरी काय?"

"प्रेमाने वागते," मी म्हटलं.

कागद त्याने घडी घालून कोटाच्या खिशात घातले. म्हणाला, ही जेवत राहिली तर मी पुन्हा काढणार नाही.

म्हणजे प्रत्येक मंगळवारी. आणि जनीलची समोरची खुर्ची? उगाच म्हातारीच्या ओट्यापाशी उभी राहून तीच तीच बशी तीनदा पुसली.

२९ एप्रिल, रविवार

मुलाखत.

आमचा बिशप म्हणजे ब्लेन ऑटेसन. तेहतीस वर्षांचा, आठवडाभर टायरचं दुकान, रविवारी टाय. नऊ वर्षांचा असताना माझ्या रविवारच्या वर्गात होता. माझ्या पर्समध्ये जिवंत सरडा ठेवला होता मेल्याने.

तो कागदावरून घडाघडा वाचत सुटला. मला कशाला कोण अडवतंय! अमुक मानता का — हो. तमुक पाळता का — हो. दारू, तंबाखू, चहा, कॉफी यांपासून दूर राहता का —

"नाही," मी म्हटलं.

तो पुढच्या प्रश्नावर पोचलासुद्धा.

"ब्लेन, मागे ये."

आला. पेन हातात तसंच. "म्हणजे... चुकून कधीतरी, सिस्टर रासमुसन?"

"दर मंगळवारी. दोन चमचे साखर."

सगळं सांगितलं. कोंबड्या, मनगट, मनोलीचे कागद. तो टायवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या कोणाला पाठवलं तर?"

"कोणाला, लरूला? तिच्या जेलीला कोंबड्या तोंड लावत नाहीत!"

हसू दाबताना त्याच्या नाकातून आवाज आला. मग गंभीर झाला. "बरं, निदान एवढं म्हणा, की सोडायचा प्रयत्न करीन. नुसतं म्हणा. मी सही करतो. जनीलचं लग्न आहे हो."

म्हणायचंच होतं मला! जिभेवर आलं होतं. त्याच्या मागच्या खिडकीतून पार्किंग दिसत होतं, जनील मोटारीत बसून माझी वाट बघत होती.

"ब्लेन, सरडा कोणी ठेवला विचारलं तेव्हा तू हात वर केलास. मी तुला काय दिलं होतं?"

"साखरेचं बिस्किट," तो खाली बघत म्हणाला.

"मग आता मला खोटं बोलायला लावू नकोस. पुढच्या मंगळवारी मी पिणार आहे. त्याच्या पुढच्याही. आणि खरं सांगू? मला आवडते. नुसती सेवा म्हणून पीत असते तर तुला सही करता आली असती कदाचित. पण मी वाट बघते रे मंगळवारची."

त्याने पेनाचं टोपण लावलं. "सोडलीत की याल ना? कधीही. दुकानात आलात तरी सही करीन."

"येईन," मी म्हटलं.

मोटारीत जनीलने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." खोटं नाही त्यात. पण चांगल्या वहीत आज काहीच लिहिता आलं नाही.

६ मे, रविवार

उपासाचा रविवार. उपाशी पोटीच दोघांना सांगितलं.

डेल्मारने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग, "मीही बाहेर बसतो तुझ्याबरोबर."

"मुळीच नाही! तिच्या समोर आपलं कोणीतरी हवं."

जनीलला आधी खरंच वाटेना. मग ओरडली. "एका कपासाठी, आई? एका कपासाठी? ती म्हातारी तुला माझ्यापेक्षा जास्त झाली?"

"नाही गं. पण तुझ्याबरोबर आत चाळीस माणसं असतील. तिच्याकडे मी एकटी जाते."

"मग सोड ना चार आठवडे! चार आठवड्यांत मरणार आहे का ती?"

मरेलही. आणि नाही मेली तर? रात्री हाच हिशेब घालत पडले. जनीलने दार आपटलं. आमच्या घरात दारं आपटत नाहीत. चौकटीवरची सगळ्यांच्या फोटोंची रांग खाली आली, डेल्मारच्या वडिलांची काच फुटली.

९ मे

तीन दिवस बोलली नाही. आज स्वयंपाकघरात आली, लग्नात वाटायच्या बदाम-गोळ्यांच्या कागदी वाट्या घडी घालत बसली माझ्याशेजारी. दोनशे वाट्या झाल्यावर म्हणाली, "कशी लागते?"

"काय?"

"कॉफी."

"खमंग," मी म्हटलं.

"शी!" म्हणाली. पण हसली जराशी.

३ जून, रविवार

अरे देवा! बाहेर बसायचं तर कारण काय सांगायचं? डेल्मार कोणाला तरी म्हणाला, "नातवंडांना सांभाळायला कोणीतरी नको का?" नातवंडं नऊ, लहानांना मंदिरात नेत नाहीत, हेही खरंच. झालं! गावभर पसरलं.

आज चर्चमध्ये लरू टकर साक्ष द्यायला उभी राहिली. उपासाच्या रविवारी ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं असतं, आणि लरूला दर महिन्याला आतून वाटतं. "आपल्यात एक माउली आहे," ती हुंदके देत म्हणाली, "जी पोटच्या पोरीचं लग्न सोडून, मुलांजावयांना आत बसता यावं म्हणून, स्वतः बाहेर बाळं राखणार आहे!"

सगळं चर्च वळून बघतंय. व्यासपीठावर ब्लेनने भजनाच्या पुस्तकात तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते, हसू की काय कोण जाणे. माझ्या शेजारी जनील लालबुंद. आणि मी? मान खाली घालून माउलीसारखी बसले!

नंतर तिघींनी येऊन माझे हात धरले. एकीने बटाट्याचं भांडं आणून दिलं. मला!

८ जून, शुक्रवार

झालं लग्न.

आधी सगळं ठीक होतं. मंदिराबाहेरची हिरवळ, नऊ पोरं, दोन डबे बिस्किटं. एकाने गुलाबाची पाकळी खाल्ली, एकीने कारंज्यात बूट टाकला. बाकावर नवऱ्या मुलाची मावशी होती, नेवाडातून आलेली, लाल नखं. पर्समधून सिगारेट काढली, इमारतीकडे बघून परत ठेवली.

"मला आत का सोडलं नाही ते तर विचारूच नका," ती म्हणाली. "तुमचं काय? दारू?"

"कॉफी."

"फक्त कॉफी?" असं हसली की पोरं दचकली. "अहो, निदान ब्रँडी तरी घालायचीत!"

मीही हसले. मग अकरा वाजले. आत आता गुडघ्यावर बसली असेल. आता त्याचा हात धरला असेल. समोर बघत असेल. मी त्या मावशीचा हात घट्ट धरला. लाल नखं माझ्या पंजात. तिने पर्समधून रुमाल काढून दिला. आईने बाहेर बसायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. आजवर असे बाकावर बसलेले लोक पाहिले, मनात म्हणायची, यांना एवढं साधं कसं पाळता येत नाही? लाज वाटली त्याची.

दार उघडलं. जनील पांढऱ्या झग्यात, फोटोवाला "इकडे, इकडे" ओरडतोय, तर ही झगा वर धरून गवतातून धावत सरळ माझ्याकडे. कानात म्हणाली, "समोरची खुर्ची रिकामी ठेवली, आई. कोणाला बसू नाही दिलं. बाबांनाही नाही."

१२ जून, मंगळवार

लग्नाचा केक घेऊन गेले. म्हातारीने दोन्ही भांडी चढवलेली. आता कुबडी दाराशीच असते, गालही भरलेत.

"सांग," ती म्हणाली. "आत काय करतात? मला चाळीस वर्षं विचारायचंय."

"मी आत नव्हते."

"नवरीची आई, आणि आत नव्हती?"

आज नाही लपवता आलं. दाखला, ब्लेन, प्रश्न. सगळं सांगितलं.

म्हातारीने कप बशीत ठेवला. "कॉफीसाठी?"

"हो."

"माझ्या?"

"तुमच्याच. अहो, राहू दे, झालं ते —"

ती हसायला लागली. पदरासारखा ॲप्रन तोंडावर घेतला, तर आत रडत होती. मग बोट वर केलं. "डावीकडचा डबा काढ. निळा. उघड."

उघडला. करपेपर्यंत भाजलेले हरभरे. हरभरे! काही अख्खे, काही पूड केलेले. तोच वास, खमंग.

"आमच्या क्रीट बेटावर युद्धात लोक हेच प्यायचे," म्हातारी म्हणाली. "बहिणीने शिकवलं पत्रातून. मूर्ख बाई, चाळीस वर्षं तुमच्यात राहतेय मी! तुम्हाला काय चालत नाही ते मला माहीत नाही? पाहुण्याला त्याच्या धर्माबाहेरचं पाजू? नरकात नाही जाणार मी?"

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्या दिवशीच सांगणार होते. पण तुझं तोंड! फळीवरचा मुरंबा चोरणाऱ्या पोरीसारखं. दर मंगळवारी येतेस, दाराकडे बघतेस, पितेस, खूश होतेस. म्हटलं, सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा वाईट वागतेय बिचारी, कशाला मोडू मजा? तुझ्या त्या कागदाचं तू कधी बोललीस? पोट म्हणालीस, पोट!"

कॉफी कशी लागते हे मला माहीतच नव्हतं. म्हातारीने कपात घालून दिली ती कॉफी नव्हे, हे मला कसं कळणार? आमच्या गावात एकीला कळलं नसतं!

मी ओरडले तिच्यावर. खरंच ओरडले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईवर. तीही ग्रीकमध्ये ओरडली. मग दोघी रडलो, मग केक खाल्ला, मग कप उपडा घातला आणि ती म्हणाली, "सांगितलं होतं ना, तुझा कप खोटारडा आहे?" आणि काय सांगू, हसून हसून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

१७ जून, रविवार

ब्लेनला सांगितलं. त्याने कपाळ टेबलावर टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग डोळे पुसत सगळे प्रश्न पुन्हा विचारले. कॉफी?

"नाही," मी म्हटलं. "जन्मात नाही."

सही केली. दाखला पर्समध्ये, जिथे एकदा सरडा होता. नऊ दिवस उशिरा.

जनीलला फोन केला. तिकडून, "हरभरे, आई?" आणि हसू की रडू ते फोनवर कळेना.

२० जून, बुधवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पाच वाजता उठून दोन पाव भाजून काढले, खिडक्या पुसल्या, तरी छाती धडधडतेय.

काल पोपीला म्हटलं, "आज पितळी भांड्यातली द्या." ती म्हणाली, "ए बाई, ती खरी आहे!" मी म्हटलं, "माहीत आहे."

शी! कडू जहर. हरभऱ्याचीच बरी. पण कप संपवला.

शिक्षा तर आधीच भोगून झाली होती. पाप तेवढं राहून गेलं होतं. काल उरकलं.